गाडीला कंठ फुटला

चिडणं तब्येतीला वाईट असतं, असं सांगणाऱ्या माणसाकडे जुनी भारी गाडी नसते, एवढं मी तुम्हाला लिहून देतो. आमच्याकडे आहे. मेहुण्याने स्वतःसाठी नवीन घेतली आणि जुनी "भावोजी, तुमच्यासारख्या माणसाला ही शोभते" असं म्हणून माझ्या गळ्यात घातली. लांबलचक, काळीभोर, आत लाकडी पट्ट्या, चामड्याच्या सीटा आणि चारही बाजूंनी स्पीकर. मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क आहे. त्या गाडीतून उतरलो की आमचा साहेबच मला साहेब समजून उठून उभा राहायचा आणि मग दिवसभर त्याचा राग माझ्यावर काढायचा.

पण मी गाडी ठेवली ती आईसाठी. आईला ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र आणून दिलं तर ते तिने डबीत घालून कपाटात ठेवलं, कारण "त्यात कोणीतरी शिट्ट्या मारतं". माझा मोठा भाऊ परदेशात. हातातल्या फोनवर तो घसा फोडून ओरडला तरी आईला नुसती गुणगुण ऐकू यायची. एकदा आई आणि मी सहज गाडीत बसलेलो असताना दादाचा फोन आला, तो गाडीने उचलला, आणि चारही बाजूंनी दादाचा आवाज असा घुमला की आई दचकून मागे वळून बघायला लागली. तेव्हापासून दर रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून खाली यायची, पुढच्या सीटवर बसायची आणि उभ्या गाडीत बसून दादाशी मनसोक्त बोलायची. पेट्रोलचा थेंब न जाळता इतका लांबचा प्रवास दुसऱ्या कोणी केला नसेल.

आणि अशाच एका रविवारी, आईने "यंदा तरी येतोस का रे?" असं विचारलं आणि दादाने "आई, त्याचं असं आहे की" एवढं म्हणून पुढचं म्हणायच्या आत गाडीचा आवाज गेला. स्क्रीन काळी. रेडिओ बंद. फोन बंद. बटणं दाबली तर नुसती टकटक.

आई बराच वेळ त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "ठेवला त्याने."

"आई, ठेवला नाही. गाडी बिघडली!" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"विचारलं म्हणून रागावला."

"गाडी! गाडी बिघडली!"

"तू त्याची बाजू घेऊ नकोस," असं म्हणून आई उतरली आणि लिफ्टकडे चालू लागली. पाटीवर लिहून दाखवलं, दादाने मेसेज पाठवला तो मोठ्या अक्षरात दाखवला. आई म्हणाली, "लिहिलेलं काय, कोणीही लिहील." पुढच्या रविवारी ती साडी कपाटातून निघाली नाही. आता सांगा, माणसाने चिडू नये?

दुरुस्तीचा पहिला मान तळमजल्यावरच्या इंजिनिअरकाकांनी घेतला. घेतला म्हणजे हिसकावला. हे गृहस्थ जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झाले, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते 'हाही एक बॉयलरच' अशा नजरेने बघतात. मी बॉनेट उघडायचा अवकाश, काका पाना घेऊन हजर.

"बॅटरीचं टर्मिनल काढायचं, जरा थांबायचं, परत लावायचं. सगळं जागेवर येतं."

"काका, ही गाडी जरा नाजूक आहे."

"नाजूक माणसं असतात. मशीन नाजूक नसतं," काका म्हणाले, आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत टर्मिनल काढून मोकळे झाले.

परत लावलं तेव्हा सगळं जागेवर आलं नाही. जे जागेवर होतं तेही उठलं. ड्रायव्हरची सीट आपण होऊन पुढे सरकत सरकत स्टीयरिंगला जाऊन चिकटली. पुढच्या दाराची काच अर्ध्यावर आली आणि तिथेच रुतून बसली. स्क्रीन पेटली खरी, पण तिच्यावर एकच ओळ: 'कोड टाका.' कसला कोड? कोणाचा कोड? मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "कोड? आमच्या वेळी नव्हता बुवा." जसा काही तो गाडी नाही, शाळा सोडून गेला होता.

"बघा," काका पाना पुसत म्हणाले, "आधी काळी होती, आता काहीतरी मागते तरी आहे. सुधारणा आहे."

काका वयाने मोठे आहेत. पण त्या दिवशी मी दात इतके आवळले की संध्याकाळी जेवताना दाढ दुखली.

मग स्टीयरिंगला पोट चिकटवून, श्वास आत ओढून, मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. ते दुकान नव्हतंच, तो महाल होता. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि काचेच्या टेबलामागे एक तरतरीत मुलगी. तिने माझ्या गाडीचा नंबर टाकला आणि गोड हसली.

"सर, तुमची गाडी सिस्टीममध्ये दिसत नाही."

"अहो, ती मागे उभी आहे. काचेतून दिसते."

"ते बरोबर आहे सर, पण सिस्टीममध्ये दिसत नाही."

"मग आता?"

"तुम्ही अर्ज करा. आधीच्या मालकाचं संमतिपत्र जोडा. वरून उत्तर आलं की आम्ही कळवू. तुम्हाला यायची गरज नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ज करा! वरून उत्तर आलं की कळवू! अहो, ही वाक्यं आमच्या खात्याची आहेत! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ती घासूनपुसून वापरत आलो आहोत. नळाला पाणी येत नाही म्हणून आलेल्या माणसाला मी रोज हेच सांगतो, पण ते साध्या लाकडी टेबलावर, फिरत्या पंख्याखाली, जरा दुःखी चेहरा करून. ही पोरगी तेच वातानुकूलित हवेत हसत हसत म्हणत होती. चोरी करावी तर निदान नीट करावी.

मी टेबलासमोरून हललोच नाही. तेव्हा आतून टाय लावलेला एक मोठा अधिकारी आला. त्याने कोड मात्र टाकून दिला, सीटही मागे घेतली, आणि मला बाजूला घेऊन, नातेवाइकांना आतली बातमी सांगतात त्या आवाजात सांगितलं, "सर, या मॉडेलमध्ये रेडिओ, फोन, स्क्रीन, अ‍ॅम्प्लिफायर, सगळे एकाच साखळीत असतात. साध्या वायरीत नाही, काचेसारख्या बारीक तंतूत. त्यातून करंट नाही, उजेड फिरतो. साखळीतला एक जण रुसला की सगळे गप्प."

"म्हणजे आमचं घरच," मी म्हणालो.

तो हसला नाही. "सगळा संच बदलावा लागेल."

"बदला."

"तो आता बनत नाही, सर."

"मग बदलू कसा?"

"तेच तर सांगतोय सर. नवीन गाडी घ्या."

बाहेर पडताना मी त्यांचं काचेचं दार जोरात आपटायला गेलो. ते दार हळूहळूच मिटतं. त्याला तशी स्प्रिंग बसवली आहे. चिडलेल्या माणसाला दार आपटू न देणारी संस्कृती कुठल्या थराला जाणार, हे मी बायकोला त्या रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडची दारं आपटून आपटून बिजागऱ्या गेल्यात, ते आधी बघा."

आता आमच्या गल्लीच्या वळणावर गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान आहे. तिथल्या इसमाला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो गाडीच्या दाराला कान लावून आधी 'हं... हं...' करतो. मी त्याला साखळीचं सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, डिकीतला गालिचा उचकटला, टेस्टर लावला आणि एक केशरी तार चिमटीत धरून मला दाखवली.

"ही बघा. करंटच नाही. मेलेली आहे."

"अहो, तिच्यात करंट नसतोच! तिच्यातून उजेड जातो!"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. घरचे लोक पेशंटबद्दल काहीतरी अडाणी बोलले की खरे डॉक्टर बघतात तसं. "साहेब, तारेतून उजेड जात असता तर लोकांनी दिवे कशाला घेतले असते?" असं म्हणून त्याने पक्कडीने कट्‌कन तार तोडली.

मी किंचाळलो. खरंच किंचाळलो. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाला, "जोडून देतो की." आणि त्याने त्या काचेच्या तंतूची दोन टोकं एकमेकांना पीळ घालून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली! उजेडाला गाठ मारली त्या माणसाने! आत्तापर्यंत निदान स्क्रीन पेटत होती. त्यानंतर तीही कायमची मिटली. डॉक्टर म्हणाला, "बघा, आता खरा फॉल्ट समोर आला."

त्या रात्री मी गॅलरीत येरझाऱ्या घालत दादाला सगळं सांगितलं. हे मी कबूल करतो की मी रोज दादाला फोन करून सगळ्यांना शिव्या घालायचो. तोंडावर कोणाला बोलायचा माझा स्वभाव नाही. आमच्या खात्यात तो कोणाचाच नसतो. राग आत साठतो, मग तो कुठेतरी सोडावा लागतो. धरणाचंही तेच आहे. दादाला मी सगळ्यांच्या नकला करून दाखवायचो. काकांची, डॉक्टरची, आणि विशेष करून आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची. त्यांच्या पोटामुळे मी त्यांचं नाव ढेरपोट्या ठेवलं होतं. दादा तिकडे हसून हसून लोळायचा. पण शेवटी रोज विचारायचा, "आई काय म्हणते?" आणि मग मी 'उद्या बोलू' म्हणून फोन ठेवायचो.

शेवटी मेहुणा आला. येताना एक चपटी काळी पेटी घेऊन आला. "भावोजी, ती साखळी विसरा. हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर सरळ बॅटरीला जोडायचा आणि सरळ स्पीकरला. फोनशी आपोआप जुळतो. हा माइक पुढच्या काचेवर ऊन अडवायची फळी असते, तिला अडकवायचा. झालं!"

तो डिकीत अर्धा आत शिरून दुपारभर खुडबुडत होता. मग आतून ओरडला, "लावा फोन!" मी लावला. आणि गाडी बोलली! काय आवाज होता! खांबावरची कबुतरं उडाली.

"जरा कमी कर," मी म्हणालो.

"कमी नाही होत. याला बटण नाही."

"मग बंद कसा करायचा?"

"बंद कशाला करायचा?" मेहुण्याने विचारलं. आणि तो गेला.

मी आईला उत्साहाने सांगायला गेलो. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "त्याला बोलायचं नाही तर कशाला बळजबरी," म्हणाली. रविवारी बघू, असा विचार करून मी झोपलो.

आता ती पेटी बॅटरीला जोडलेली, म्हणजे चोवीस तास जागी. आणि आमचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर गाडीच्या वर. पहाटे माझ्या उशाशी असलेल्या फोनचा गजर झाला, पण तो माझ्या उशाशी वाजलाच नाही. तो खाली गाडीत वाजला. अर्ध्या उघड्या काचेतून, चारही स्पीकरांतून, सनई-चौघडा. सगळी इमारत उठली. एकटा मी झोपून राहिलो. कचेरीत उशिरा पोचलो तर साहेब म्हणाला, "या, गाडीवाले." आणि संध्याकाळी दारावर सूचना: इमारतीच्या आवारातील गाडीच्या उपद्रवाबाबत सभा, स्थळ पार्किंग. तिथे माझी गाडी आवाराबाहेर काढण्याचा ठराव येणार होता. बाहेर म्हणजे हमरस्त्यावर. तिथे आई कुठली येऊन बसणार?

मी सभेला गेलो नाही. आरोपीसारखं उभं राहायला मी काही गुन्हेगार नव्हतो. गॅलरीच्या दाराआड खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसलो. खाली सेक्रेटरींचा आवाज येत होता. "शांततेचा भंग... सभ्य माणसांची वस्ती..." काका मध्येच म्हणत होते, "टर्मिनल काढून ठेवावं, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. दादा! मी उचलला. "हॅलो?" काही नाही. "हॅलो, दादा?" फोन ठार मुका.

आणि खालून, पार्किंगमधून, गाडी गरजली: "हं, बोल रे! काय म्हणतोय तुमचा ढेरपोट्या?"

माझं रक्त गोठलं. खाली सभा गोठली.

"कोण बोलतंय?" सेक्रेटरींनी गाडीला विचारलं.

"कोण म्हणजे काय, मी! तुझा आवाज असा का येतोय? सर्दी झालीय?"

"मी या इमारतीचा सेक्रेटरी बोलतोय!"

गाडी खदखदून हसली. "हुबेहूब! अरे, आजची नक्कल परवापेक्षा फक्कड जमलीय! आता ते गच्चीवरच्या टाकीवर चढले आणि पोट अडकलं, ते कर!"

"मी अडकलो नव्हतो!" सेक्रेटरी कडाडले. "मी तपासणी करत होतो!"

"वा! वा!" गाडी म्हणाली. "हं, आता तो बॉयलरकाका."

"माझं काय?" काका पुढे झाले. "माझं काय म्हणतो हा?"

मी फोन तोडला. दादाने लगेच परत लावला. गाडीने आपोआप उचलला. "अरे, कट झाला. बॉयलरकाका राहिला!"

मी जिना उतरलो कसा मला आठवत नाही. खाली सगळे गाडीभोवती गोल करून उभे होते. मला बघताच गोल उघडला. सेक्रेटरी लाल झाले होते. त्यांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती. मी कोणाकडे न बघता डिकी उघडली आणि त्या काळ्या पेटीची वायर मुठीत धरली. उपटायची! मुळासकट उपटायची! मेहुण्याने दिलेली, काकांनी बिघडवलेली, महालाने नाकारलेली आणि डॉक्टरने मारलेली ती अवदसा आता मी स्वतःच्या हाताने संपवणार होतो.

"उपटा!" सेक्रेटरींना वाचा फुटली. "आत्ता उपटा!"

तेवढ्यात पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. मी डिकीआडून बघितलं. आई होती. घरातल्याच साडीवर, पायात बायकोच्या चपला, त्याही उलटसुलट. तिला वरच्या खोलीत दादाचा आवाज ऐकू आला होता. सभा, लोक, सेक्रेटरी, तिला काही दिसत नव्हतं. ती पुढच्या सीटवर बसली, दार लावून घेतलं आणि त्या मेलेल्या काळ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, "का रे, त्या दिवशी फोन का ठेवलास?"

गाडी गप्प झाली. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आई?"

"विचारलं म्हणून रागावलास?"

"नाही गं आई. मी नाही ठेवला. गाडी बिघडली होती."

"गाडी?"

"गाडीच."

"हा तेच सांगत होता. मला वाटलं, तुझ्यावर पांघरूण घालतोय. मग? येतोस का यंदा?"

माझी मूठ वायरीवर तशीच होती. दादाला मी ओळखतो. त्याला खोटं बोलायला फार आवडलं असतं.

"नाही जमणार गं आई यंदा. सुट्टीच नाही मिळत."

"बरं," आई म्हणाली. "नाही म्हणालास, ते स्वच्छ ऐकू आलं. तेवढंच हवं होतं. जेवतोस ना वेळेवर?"

काका माझ्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टर्मिनल काढू?"

"हात लावाल तर याद राखा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडावर ओरडलो. काका पाना घेऊन मागे झाले. मला भयंकर बरं वाटलं, म्हणून मी सेक्रेटरींकडेही वळलो. "आणि तुम्ही! गाडी इथून हलणार नाही! काय ठराव करायचा तो करा!"

सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण आत आईचं सुरू होतं. "तुझा भाऊ हल्ली फार चिडतो रे. घरात दारं आपटतो, दात खातो झोपेत. हे पाणीपुरवठ्याचं काम त्याला झेपत नाही."

हे चारही स्पीकरांतून नव्हतं, आईच्या स्वतःच्या आवाजात होतं. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा आवाज मोठाच असतो. सगळ्या इमारतीने माझ्याकडे बघितलं.

"आणि हसताय काय तुम्ही दोघं सेक्रेटरींना?" आई पुढे म्हणाली. "गॅलरीत तो पोट पुढे काढून फोनवर ओरडायचा तेव्हा त्याच्याकडे बघून कळायचं मला. चांगले आहेत ते गृहस्थ. परवा माझी पिशवी वर आणून दिली. पोट आहे, पण चांगले आहेत."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. एकदा आईकडे, एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग काचेपाशी येऊन ती दोन्ही हातांनी वर ओढून बघितली. ती हलली नाही.

"ही लागतच नाही का हो?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग आपणच जरा लांब जाऊ," ते सभेला म्हणाले. "आई-मुलाचं बोलणं चाललंय."

सगळी सभा निमूटपणे फाटकापाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याचा उपयोग काहीच नव्हता, कारण थोड्या वेळाने आई दादाला मेहुण्याविषयी काहीतरी म्हणाली आणि फाटकापाशी सगळ्यांचे खांदे एकदम हलले. सेक्रेटरींचे सगळ्यात जास्त. मला पुन्हा संताप आला. हा आमच्या घरचा मामला होता.

पण डिकी मी हळूच लावली.